हॉटेलात जेवायला जाताना घड्याळ पाहा

रविवारी संध्याकाळी गावातील कोणत्याही बऱ्या हॉटेलासमोरून जा. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घर नंबर लागण्याची वाट पाहत बसलेले असते. पूर्वी तालुक्याच्या गावी हॉटेलात जेवणारा म्हणजे कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार, नाहीतर बदलीवर आलेला एकटा कारकून. घरचा माणूस खानावळीत दिसला तर ‘‘घरी कोणी नाही वाटतं?’’ अशी चौकशी व्हायची. आता वाढदिवस, निकाल, पाहुणे, काहीच नसेल तर स्वयंपाकाचा कंटाळा, एवढे निमित्त पुरते. यात वाईट काही नाही. आठवड्याचे सहा दिवस दोन्ही वेळा चुलीपुढे उभे राहणाऱ्या गृहिणीला एक संध्याकाळ आयते ताट मिळावे, हेही आरोग्याचेच काम आहे असे मी मानतो.

पण दवाखान्यात प्रश्न येतोच. ‘‘डॉक्टर, हॉटेलात काय खायचं नाही, तेवढं सांगा.’’ विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. तिखट, तेलकट, मसालेदार खाऊ नका, असे मी म्हणावे आणि त्याने मान डोलवून निघावे, अशी त्याची अपेक्षा असते. माझे उत्तर वेगळे आहे. काय खाता यापेक्षा केव्हाचे खाता आणि केव्हा खाता, हे आधी पाहा. हॉटेलच्या जेवणातून उद्भवणारे जे त्रास मी पाहतो, त्यांतील बरेचसे तिखटामुळे होत नाहीत, वेळेमुळे होतात.

सर्वांत धोक्याची वेळ ही जेवण येण्यापूर्वीची, आणि ती मधुमेहाच्या रुग्णांसाठी.

माझे एक रुग्ण आहेत, निवृत्त शिक्षक. गेली बारा-तेरा वर्षे मधुमेह, पण पथ्य चोख आणि गोळी घड्याळाच्या ठोक्याला. एका शनिवारी नातवाच्या वाढदिवसासाठी सगळे जेवायला निघाले. गुरुजींनी शिस्तीप्रमाणे आठ वाजता घरीच गोळी घेतली. हॉटेलात पोहोचायला साडेआठ, टेबल मिळायला सव्वानऊ, केक कापून ऑर्डर द्यायला साडेनऊ. केकला त्यांनी अर्थातच हात लावला नाही. पावणेदहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ते नातवावर विनाकारण खेकसले आणि मग काहीतरी असंबद्ध बोलू लागले. शेजारच्या टेबलावरील मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. त्यांना वाटले, गुरुजींनी आज ‘घेतली’ आहे. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही, त्याच्याविषयी हा समज! सून हुशार. तिने काउंटरवरून साखर मागवली, पाण्यात ढवळली आणि सासऱ्यांना घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले. ती गोंधळली असती आणि ‘‘बाबांना गाडीत झोपवा, बरं वाटेल’’ असे कोणी म्हणाले असते, तर त्या रात्रीचे काही सांगता आले नसते.

असे का होते? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. अन्न अजून भटारखान्यात आहे, हे गोळीला कळत नाही. ती आपले काम सुरू करते आणि रक्तातील साखर उतरू लागते. जेवणाच्या वेळी टोचायच्या इन्सुलिनचेही तसेच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना ही भीती फारशी नसते. पण आजकाल बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. तेव्हा आपल्या गोळीत काय आहे, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. हॉटेलात जायचे असेल तर ती गोळी किंवा इन्सुलिनचे पेन बरोबर न्यावे आणि ताट समोर आल्यावरच घ्यावे, हा सर्वसाधारण नियम. पाण्याचा ग्लास आला म्हणजे जेवण आले असे नाही, आणि मसाला पापड म्हणजे जेवण नव्हे.

घाम, थरथर, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोळ यांपैकी काही दिसले तर साखर तपासायचे यंत्र शोधत बसू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटे थांबा, फरक नसेल तर पुन्हा द्या आणि मग पोळी-भात खायला घाला. साधे शीतपेय अर्धा ग्लास चालेल, मात्र ‘शुगर फ्री’ लिहिलेले नको. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. सरळ इस्पितळ गाठावे.

आणि उपाशीपोटी मद्य घेणाऱ्या मधुमेह्यांसाठी एक वाक्य. यकृत मद्याच्या मागे लागले की साखर तयार करण्याचे काम बाजूला ठेवते. त्यामुळे साखर टेबलावरच उतरेल असे नाही, ती पहाटे दोन-तीन वाजता झोपेतही उतरते, आणि घरचे लोक समजतात की साहेब गाढ झोपले आहेत.

आता भटारखान्यातील घड्याळ. पंजाबी जेवण देणाऱ्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर साठ-सत्तर भाज्यांची नावे असतात. ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत भाजी टेबलावर येते. हे कसे जमते? आत साठ भाज्या शिजत नसतात. सकाळी दोन-तीन प्रकारची ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू आणि मगज बीची पांढरी, कुठे पिवळी. मग पनीर, मटार, कोफ्ता जे मागाल ते त्यात पडते, वरून क्रीम किंवा लोण्याचा तुकडा, आणि नाव बदलते. ही पद्धत चुकीची नाही, तिच्यावाचून एवढी गिऱ्हाइके निभावणार नाहीत. प्रश्न असा, की सकाळी अकराला उतरलेले ते पातेले रात्री आठपर्यंत कुठे होते? फ्रीजमध्ये, मंद आचेवर, की कट्ट्यावर झाकून?

जंतूंना मानवणारे तापमान साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस. त्याहून थंड ठेवलेत तर ते सुस्त पडतात, त्याहून गरम ठेवलेत तर वाढत नाहीत. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त पडून राहिलेले शिजवलेले अन्न संशयास्पद समजावे, आणि एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याखालच्या भटारखान्यात, त्याहूनही लवकर. मोठ्या पातेल्याची तर वेगळीच तऱ्हा. वरून हात लावला तर थंड, पण पोटात तासन् तास कोमट. मटणाचा किंवा चिकनचा रस्सा मोठ्या भांड्यात तसाच निवत ठेवला की त्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू बेसुमार वाढतात आणि जेवल्यावर आठ-दहा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. रस्सा उथळ परातींत ओतून लवकर निववला आणि वाढताना खळखळ उकळला तर हा धोका बराच टळतो.

भाताचे मात्र तसे नाही, आणि हे फारच थोड्यांना ठाऊक असते. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. ही बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भात शिजून कोमट झाला की ती रुजतात, जंतू वाढतात आणि भातात एक विष सोडतात. हे विष नंतर परतण्याने, वाफवण्याने, अगदी कुकरच्या शिट्टीनेही नाहीसे होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतील फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याच्या बऱ्याच घटना घडल्या, तेव्हा हा प्रकार लोकांपुढे आला. कारण साधे होते. फ्राइड राइसला गार, मोकळा भात लागतो. म्हणून भात आधीच उकडून, रात्रभर उघड्यावर ठेवून, दुसऱ्या दिवशी कढईत टाकला जाई. आपल्याकडच्या गाड्यांवर आणि हॉटेलांत याहून वेगळे काय चालते? सकाळच्या भाताचा संध्याकाळी जिरा राइस होतो. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, आणि दोष बिचाऱ्या अजिनोमोटोवर जातो.

अजिनोमोटोचे म्हणाल तर हा पदार्थ जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळा केला. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले आणि तेव्हापासून तो बदनाम झाला. पुढे खाणाऱ्यालाही नकळत तो देऊन चाचण्या घेतल्या, तेव्हा नेहमीच्या प्रमाणात त्याने त्रास होतो हे काही ठामपणे सिद्ध झाले नाही. मी त्याची वकिली करीत नाही, पण त्याच्या नावावर शिळ्या भाताचे पाप खपवू नये.

मग खावे काय? मला विचाराल तर टेबलावरील सर्वांत निर्धोक वस्तू म्हणजे तंदूरमधून आत्ताच काढलेली रोटी. त्या भट्टीच्या धगीत कोणताही जंतू तग धरत नाही आणि ती आधी करून ठेवताही येत नाही. तिची चिवट चामडी होते, गिऱ्हाईक परत पाठवते. उडुप्याकडची इडली वाफेवरची, सांबार दिवसभर उकळत असलेले, दोन्ही उत्तम. लंगडी बाजू असते ती खोबऱ्याच्या चटणीची. ओले खोबरे, पाणी आणि डाळे यांचे ते मिश्रण सकाळी सातला वाटलेले असेल तर अकरा-बारापर्यंत आंबायला लागते. जिभेला जराशी जरी आंबट लागली तरी वाटी बाजूला सारावी. मिसळीचा कट धगधगत असतो, फरसाण कोरडे असते, तिथे प्रश्न फक्त वरच्या चिरलेल्या कांद्याचा.

गंमत अशी, की आपले लोक गरम भाजीला भितात आणि ‘हलके’ म्हणून सॅलड मागवतात. काकडी, टोमॅटो, कांदा, कोबी कोणत्या पाण्याने धुतले, कोणत्या फळीवर आणि कोणाच्या हाताने चिरले, चिरून किती वेळ झाला, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आगीचा स्पर्श तर त्याला होतच नाही. पावसाळ्यात मी घरच्यांना हॉटेलचे सॅलड, हिरवी चटणी आणि बर्फ या तिन्ही गोष्टी खाऊ देत नाही. लिंबाची फोड पिळायला हरकत नाही.

हॉटेल निवडताना दिव्यांच्या माळा पाहू नका, गर्दी पाहा. जिथे माणूस उठला की दुसरा बसतो, तिथे पदार्थ पडून राहायला वेळच मिळत नाही. सुनसान ‘फॅमिली गार्डन’पेक्षा स्टँडजवळची भरलेली खानावळ मला केव्हाही पसंत. दुपारी तीन ते सहा या वेळात शक्यतो शिजवलेले जेवण मागवू नये. आचारी विश्रांतीला गेलेला असतो आणि पोऱ्या आहे ते गरम करून आणून देतो. ‘‘भात शिळा आहे का?’’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर मिळणार. ‘‘ताजा भात कधी उतरतोय? आम्ही थांबतो,’’ असे म्हणून पाहा. वेटर खरे काय ते सांगतो.

तेला-मिठाचे थोडक्यात. चहाच्या एका चमच्याभर तेलातून ४५ उष्मांक मिळतात आणि ग्रेव्हीत वर तरंगणारे तेल दिसते त्याहून आत जिरलेले जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ पुरे. पापड, लोणचे, सूप आणि भाजी एका बैठकीत खाल्लीत तर त्यातले बरेचसे तिथेच संपते. रक्तदाबाच्या रुग्णांनी सोमवारी सकाळी ‘‘गोळी चालू असून दाब वाढला कसा?’’ असे विचारण्यापूर्वी रविवारची रात्र आठवावी. तळणाचे तेल किती वेळा तापवावे यालाही आता कायदा आहे. तेल वारंवार तापून त्यात तयार होणारे ‘टोटल पोलर कंपाउंड’ नावाचे घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. आपल्याजवळ मोजमाप नसले तरी डोळे आहेत. काळपट, फेसाळलेले, लगेच धुरावणारे तेल दिसले की भजी राहू द्यावीत. आणि भजी घेतलीच तर वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली याबद्दल बजावले आहे. आपण आत्ता वाचत असलेले हे सदरही उद्या कुठल्यातरी गाड्यावर पोहोचेल, म्हणून आजच सांगून ठेवतो.

पार्सलचाही विचार करावा. रात्री दहाला बांधून आणलेली बिर्याणी ओट्यावर राहते आणि सकाळी मुलांच्या डब्यात जाते. हॉटेलवाल्याने ती ताजी दिली, शिळी आपण केली. उरलेले अन्न लगेच लहान डब्यांतून फ्रीजमध्ये टाकावे.

एवढे करूनही पोट बिघडले तर? पहिली तक्रार असते, ‘‘काल रात्री त्या हॉटेलात जेवलो, तिथंच बाधलं.’’ असेलही. पण नेहमी शेवटचे जेवण गुन्हेगार नसते. दोन-चार तासांत उलट्या झाल्या तर संशय नुकत्याच खाल्लेल्या पदार्थावर. ताप आणि जुलाब असतील तर कारण एक-दोन दिवस, कधी तीन दिवस मागे असू शकते. विषमज्वर म्हणजे टायफॉइड असेल तर साधारण एक-दोन आठवडे मागे जावे लागते, आणि काविळीत तर महिनाभर. दिल्लीत नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेच्या पाण्यात नाल्याची घाण मिसळली. काविळीची लाट उसळली ती डिसेंबर-जानेवारीत, आणि सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. लोक कालचे जेवण आठवत होते आणि दोष होता महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. अशी कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकते. गर्भवतीने बाहेर पाणी पिताना संकोच सोडून घरची बाटली न्यावी.

उलटी-जुलाब सुरू होताच मेडिकलमधून बंद करणारी गोळी आणून घेऊ नये. पहिले औषध जलसंजीवनी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. शौचातून रक्त, ताप, सहा-आठ तास लघवी नाही, अंगात त्राण नाही, किंवा रुग्ण तान्हे मूल, गरोदर बाई वा वृद्ध असेल तर घरी थांबू नये. मधुमेह्यांनी उलट्या होत असताना इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना फोन करावा.

एकाच टेबलावरचे तीन-चार जण आजारी पडले तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगा. कोणी काय खाल्ले आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे कागदावर लिहून आणा. निदान निम्मे तिथेच होते. हॉटेलचे बिल फेकू नका. त्यावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर तो उपयोगी पडतो.

एका वाचकांनी बडीशेपेविषयी विचारले होते. बडीशेप चांगलीच, पण काउंटरवरच्या उघड्या वाटीत जेवून उठलेला प्रत्येक जण ओली बोटे घालतो. मी कागदी पुडीतली मागतो. नसेल तर घरी येऊन खातो.